‘ट्यूब गेली’ म्हणाला आणि 78 हजार घेऊन गेला

निपाणीत माझा जनावरांचा दवाखाना आहे. उसाचा हंगाम जोरात होता. एक शेतकरी आपला कारवानी कुत्रा खांद्यावर टाकून आला, मागचा पाय ट्रॉलीच्या चाकाखाली सापडलेला. टेबलावर घेतला, एक्स-रे मशीनखाली फिल्मची कॅसेट सरकवली, हँडस्विच, म्हणजे दोन टप्प्यांत दाबायचं हातातलं बटण, दाबला. पहिल्या दाबाला मशीनची नेहमीची घूं ऐकू आली, दुसऱ्या दाबाला काहीच नाही. कॅसेट कोरी. तीनदा करून पाहिलं. शेवटी खपच्या बांधून त्याला कोल्हापूरला पाठवला.

आता सीमाभागाची गंमत. कोल्हापूर 40 किलोमीटरवर, पण मशीनच्या कंपनीच्या वहीत आम्ही कर्नाटक. त्यामुळे इंजिनिअर येणार बेंगळुरूहून, 500 च्या वर किलोमीटर, तेही ‘पुढच्या आठवड्यात बघू’. अशा वेळी जवळचा, मराठी बोलणारा दुरुस्तीवाला भेटला की आपण विरघळतो. मीही विरघळले.

त्याची तपासणी दहा मिनिटांत आटोपली. कॉलिमेटरचं, म्हणजे किरणांचा झोत आखणाऱ्या पेटीचं, बटण दाबलं, दिवा लागला नाही. लगेच, “बघा मॅडम, आत उजेडच नाही. ट्यूब गेली.” आता चीड येते, कारण तो दिवा किरण कुठे पडणार एवढंच दाखवतो. साधा हॅलोजन बल्ब. तो उडाला तरी एक्स-रे निघतो, आणि तो लागला म्हणजे निघेलच असंही नाही. पदवीला साडेपाच वर्षं घातलेल्या बाईने तेव्हा मान डोलावली.

1 लाख 10 हजारांवरून 78 हजारांवर आला. 40 हजार आगाऊ, तेही कुणा नातेवाइकाच्या नंबरवर. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, “कशाला उगीच जीएसटी भरताय?” मला ते माझ्या फायद्याचं वाटलं! ट्यूबचं डोकं, म्हणजे ट्यूब असलेला अख्खा भाग, काढून व्हॅनमध्ये टाकलं, तिसऱ्या दिवशी आणून बसवलं. मशीन चालू, दिवासुद्धा चालू. मी वर चहा पाजला.

जुनी ट्यूब मागितली तेव्हा त्याने आवाज खाली आणला. “ती किरणोत्सर्गी असते मॅडम. एईआरबीचा, अणुऊर्जा नियामक मंडळाचा, नियम आहे, आम्हालाच जमा करावी लागते.” हे धादांत खोटं. एक्स-रे ट्यूब म्हणजे निर्वात काचेचा फुगा. तिच्यात हजारो व्होल्ट सोडले तेवढ्यापुरतेच किरण निघतात. करंट बंद, की किरण बंद. पण सरकारी नाव ऐकल्यावर ‘नियम दाखवा’ म्हणायचं सुचलं नाही.

पाच महिन्यांनी पुन्हा तेच. घूं, आणि पुढे शांत. आता तो दुरुस्तीवाला फोन उचलेना. ओळखीतून बेळगावचे एक निवृत्त तंत्रज्ञ मिळाले. तवंदीचा घाट उतरून सकाळीच आले, पिशवीत मल्टिमीटर आणि दोन-चार पाने. मशीनला हात लावायच्या आधी म्हणाले, “दाबा बघू. दुसऱ्या दाबाला टक् ऐकूलालंय काय?” नव्हतं. “मग ट्यूबपर्यंत कशाला जायचं?”

त्यांनी सांगितलं ते असं. दुसऱ्या दाबाला आतला कॉन्टॅक्टर, म्हणजे वीज पुढे सोडणारा मोठा स्विच, टक् वाजतो. टक् वाजून एमए मीटरचा (ट्यूबमधला करंट दाखवणारा) काटा हलला नाही, तर ट्यूबवर किंवा तिच्या पुरवठ्यावर संशय घ्यायचा. टक् नाहीच, म्हणजे हुकूमच पोचत नाही: हँडस्विच, त्याची वायर, टायमर, कुठला तरी इंटरलॉक (सुरक्षेसाठी मशीन अडवून धरणारा स्विच). मशीनचं प्लग काढून त्यांनी हँडस्विच उघडला. मुठीजवळ, जिथे गुंडाळी वायर रोज वाकते, तिथे काळी इन्सुलेशन टेप. खाली तुटून जोडलेली तार, पुन्हा तुटलेली. “हे कधी केलंत?” मी केलंच नव्हतं.

मग त्यांनी ट्यूबच्या डोक्यावर बॅटरी मारली. हाउसिंगच्या, म्हणजे ट्यूबवरच्या कवचाच्या, स्क्रूंच्या खाचांत कारखान्याचा पिवळसर रंग भरलेला, वर धूळ, एकालाही पान्याचा ओरखडा नाही. ट्यूब बदलायची तर हेच उघडून तेल काढावं लागतं, बुडबुडा न राहता परत भरावं लागतं, नव्या ट्यूबला हळूहळू केव्ही (विजेचा दाब) वाढवत तयार करावं लागतं. इथे झाकणच हललं नव्हतं. म्हणजे 78 हजारांत मला एक बल्ब आणि वीतभर टेप मिळाली होती. नवा हँडस्विच वायरसकट, त्या तंत्रज्ञ काकांच्या येण्याजाण्यासह 4,500 रुपयांत बसला.

दवाखानेवाल्यांनो, टक् ऐका, काटा बघा, पण पॅनेल स्वतः उघडू नका, आत जीव जाईल इतका विजेचा दाब असतो. डोकं नेऊ देण्याआधी स्क्रूंचे आणि नंबरप्लेटचे फोटो काढा. ‘ट्यूब गेली’ म्हटलं की जुनी ट्यूब परत मिळणार हे आधी लिहून घ्या, नव्या ट्यूबचा नंबर बिलावर येऊ द्या.

मी वकिलामार्फत नोटीस धाडली आहे. दवाखाना फक्त माझ्या पोटापाण्याचा आहे, त्यामुळे ग्राहक म्हणून दाद मागता येते, असं वकील म्हणतात. तो सीमेपलीकडचा असला तरी 2019 च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथे, म्हणजे बेळगावच्या जिल्हा आयोगात, 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते. नोटीस पोचली त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला, पाच महिन्यांनी पहिला. “15 हजार देतो मॅडम, मिटवून टाकू.” टेप लावलेली ती वायर मी पाकिटात घालून कपाटात ठेवली आहे.