ग्वाल्हेर : त्वचा आणि मन एकाच खिडकीत

ग्वाल्हेरातल्या एका लष्करी रुग्णालयाची त्वचारोग ओपीडी. सोरायसिस किंवा कोड असेल तर मलमाआधी डीएलक्यूआयचा, म्हणजे त्वचारोगानं रोजचं जगणं किती बिघडलंय ते मोजणाऱ्या प्रश्नावलीचा, कागद हातात येतो: 10 प्रश्न, फक्त गेल्या आठवड्याचे, गुण 0 ते 30. दहाच्या वर गेले की मानसोपचाराकडे चिठ्ठी. पद्धत पक्की. पीएचक्यू-9 ही नैराश्याची प्रश्नावली मात्र गेल्या दोन आठवड्यांचं विचारते. दोन्ही कागद एकदम दिले की काळाचा घोळ होतो. शेजारी साहेब बसलेले असतील तर जवान सरसकट ‘अजिबात नाही’वर खूण करून मोकळा! शेप या लष्करी वैद्यकीय श्रेणीतला ‘एस’ मानसिक आरोग्याचाच, धास्ती असणारच. निदान पडदा तरी लावा. लिथियम हे मानसोपचारातलं औषध चालू आहे का, हे न चुकता विचारतात; त्यानं सोरायसिस भडकतो. औषधांची रांग लांब.