ई-रिक्षाला लोखंडी चार्जर का एसएमपीएस?

परभणीतले दोन-तीन जण विचारायलेत की जुना लोखंडी ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर घेऊ का हलका एसएमपीएस (म्हणजे वेगाने चालू-बंद होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटवाला), दोन्ही वापरलेत म्हणून लिहून टाकतो.

आमचा लोखंडी डबा चालू झाला की रात्रभर हूंऽऽ आणि थंडीत मांजर बरोबर त्याच्यावरच येऊन झोपायचं, ती ऊब म्हणजे आपलंच बिल हो. असल्या चार्जरची एफिशियन्सी (ओढलेल्या विजेतली बॅटरीत जाते ती) ७५ टक्क्यांच्या आसपास, चांगल्या एसएमपीएसची ९०. बॅटरीत रोज ६ युनिट भरायचे तर लोखंडी ८ ओढतो, दुसरा पावणेसातच्या आत. महिन्यात २६ दिवस धरले तर फरक ३५ युनिटचा, ८ रुपयाने धरा, २८० रुपये. एवढ्यासाठी कोणी चार्जर बदलत नसतं.

खरी भानगड व्होल्टेजची. उन्हाळ्यात सगळ्यांचे कूलर लागले की आमच्या गल्लीत १७० व्होल्टला येतं आणि पहाटे २५०. साध्या लोखंडीत इनपुट पडलं की आउटपुट पण पडतं, म्हणजे रात्रभर लावून गाडी अर्धवटच, आणि ऑटोकट (बॅटरी भरली की आपोआप बंद होणं) नसेल तर पहाटे बॅटरीचं पाणी उकळायलंय, मी डिस्टिल्ड वॉटर टाकून टाकून वैतागलो होतो. एसएमपीएसला इनपुट हललं तरी चार लेड-ॲसिड बॅटऱ्यांना ५७.६ व्होल्टच्या वर जात नाही, पण मागचं स्टिकर वाचा, १७० च्या खाली चालणारा असेल तरच घ्या. बॅटरीचा सेट चार्जरच्या कितीतरी पट महाग, पैसा तिथं वाचतो.

पीएफसी (लाइनमधून फुकटचा जास्त करंट ओढू न देणारं सर्किट) आहे का तेबी विचारा. १००० वॅट चार्जिंगला लोखंडी ८ अँपिअर खातो, पीएफसीवाला ५ मध्ये भागवतो, जुन्या वायरिंगच्या घरात हे लय कामाचं. सिलिकॉन कार्बाइड, गॅलियम नायट्राइड वगैरे नव्या पार्टचे चार्जर भारी आहेत पण रिक्षावाल्यानं त्याच्या नादी लागू नये.

आता एसएमपीएसचं रडगाणं. पहिल्याच पावसात वीज कडाडली न् माझ्या चार्जरचा मॉसफेट (आतला स्विचिंगचा पार्ट) उडाला, दुकानदार म्हणे सर्ज (विजेचा अचानक झटका) वॉरंटीत बसत नाही. लोखंडी कोणताबी वाइंडिंगवाला नीट करून देतो. अर्थिंग करा, आभाळ आलं की प्लग काढा, आणि पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, १० डिग्री वाढले की कपॅसिटरचं आयुष्य निम्मं.

जुना डबा मी भंगारात नाही दिला, पावसाळ्यात स्पेअर लागतो, पण भाच्याच्या लिथियमवाल्या गाडीला लावू देत नाही, त्या बॅटरीला तिचाच चार्जर पाहिजे.