शिष्यवृत्ती ‘जमा’ झाली, पण कोणत्या खात्यात? डी.एल.एड., बी.एड.च्या पोरापोरींनी वाचाच

महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, पैसे जमा झाल्याचं दिसतं आणि पासबुकात एक रुपयाही नसतो. घरचे समजतात, पैसा सरकारकडे अडला. अनेकदा तो अडलेला नसतो. दुसऱ्याच खात्यात जाऊन काढूनही झालेला असतो.

घडतं असं. कास्तकाराची पोरगी उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, बोनाफाईड घेऊन तालुक्याच्या ऑनलाइन सेंटरवर जाते. अर्ज भरणारा मोबाइल नंबर स्वतःचाच टाकतो. “तुमच्या गावात रेंज नाई, ओटीपी येनार नाई. तू फक्त अंगठा लाव.” एक अंगठा नोंदणीसाठी. दुसऱ्या अंगठ्यावर पेमेंट्स बँकेत तिच्या नावाचं नवं खातं उघडतं आणि आधार त्याला जोडलं जातं.

मेख इथेच आहे. आधारवर येणारा डीबीटीचा, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारा, पैसा अर्जाला जोडलेली पासबुकाची झेरॉक्स बघून जात नाही. बँकांमधल्या पैशांची देवाणघेवाण सांभाळणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या नोंदीत आधारला शेवटी जे खातं जोडलं, तिथे तो जातो, आणि त्या नोंदीत एका वेळी एकच खातं असतं. नव्या खात्याचे एसएमएस सेंटरवाल्याला येतात. पैसा आला की “केवायसी बाकी हाय” म्हणून पोरीला बोलावतात, पुन्हा अंगठा घेतात आणि एका व्यवहारात 10,000 रुपयांपर्यंत रक्कम उचलतात.

नुसता निर्वाह भत्ता जातो असंही नाही. अनुसूचित जातीच्या योजनेत केंद्राचा 60 टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातून कॉलेजची फी भरायची असते. म्हणजे चोरी सेंटरवर होते आणि फीचा तगादा पोरीच्या बापामागे लागतो. हे फार वाईट आहे.

आधारला स्वतःचा मोबाइल जोडलेला असेल तर महाडीबीटीची नोंदणी ओटीपीने होते, अंगठा लागतच नाही. म्हणून आधी तो नंबर जोडून घ्या. मग ‘माय आधार’ संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधारला कोणती बँक जोडली आहे ते, बघा. अनोळखी बँकेचं नाव दिसलं तर आपल्या शाखेत आधार सीडिंगचा फॉर्म भरून द्या आणि महाडीबीटीचा पासवर्ड बदला. आधारचं बायोमेट्रिक लॉकही करता येतं; फक्त रेशन दुकानात अंगठा लावायच्या आधी ते उघडावं लागतं.

पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि त्या अनोळखी बँकेकडून तुमच्या नावच्या खात्याचं स्टेटमेंट लेखी अर्ज देऊन मागा. अंगठ्याने पैसे काढल्याच्या नोंदी त्यात असतात, आणि कोणत्या यंत्रावर तो अंगठा लागला हे बँकेला त्यावरून शोधता येतं.