हायड्रोलिक हँडब्रेकचा किट: दांडी झकास, माहितीपत्रक कच्चं

ड्रिफ्टसाठी, म्हणजे गाडीची शेपूट मुद्दाम घसरवत वळण घेण्यासाठी आणलेला हा किट सहा महिने वापरून लिहितोय, तेही फक्त बंद मैदानात.

माझी गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिन फक्त पुढची चाकं फिरवतं. मागची चाकं बिचारी नुसती फरफटत येतात, त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबून शेपूट बाहेर काढायचं विसरा. वळणात शिरताना पाय झटकन उचलायचा, वजन पुढे गेलं की मागचं हलकं होतं, तेवढ्यात मागची चाकं जाम करायची. केबलच्या हँडब्रेकने कर्रर्र करत ओढेपर्यंत वळण संपायचं. म्हणून हा किट, यात दांडी ओढली की केबलऐवजी ब्रेक ऑइलच्या दाबाने मागचे ब्रेक लागतात.

दांडी सुरेख आहे. उभी, स्टिअरिंगच्या अगदी जवळ, सोडली की आपोआप मागे जाते. ओढताना क्लच दाबायची गरज नाही, मागच्या चाकांना इंजिन जोडलेलंच नसतं.

डोकं फिरलं ते फिटिंगला. किटमध्ये ऑइल दाबणारा सिलिंडर एकच आणि सूचनाही एकच: 'मागच्या लाइनमध्ये जोडा'. अहो, बऱ्याच फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांत ब्रेकचं सर्किट, म्हणजे ऑइलच्या नळ्यांची जोडणी, तिरकं असतं! पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एका सर्किटवर, उरलेली दोन दुसऱ्यावर. दोन्ही मागच्या चाकांची मिळून एक लाइन आणायची कुठून? मीही शहाणा, उजव्या चाकाच्या नळीत जोडून मोकळा झालो. पहिल्यांदा ओढलं, गाडी धड फिरेना. उतरून बघतो तर डांबरावर काळा पट्टा एकच. दुसरा सिलिंडर पदरचे पैसे घालून मागवला. मग ब्लीडिंग, म्हणजे ब्रेक ऑइलमधली हवा काढणं. पारदर्शक नळीतले बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत धीर धरा, मी घाई केली आणि दांडी स्पंजासारखी दबायला लागली.

आणि नुसत्या किटने ड्रिफ्ट होत नाही. मागच्या टायरमध्ये थोडी जास्त हवा आणि मागे जाड अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं कमी करणारा दांडा), यांनी माझ्या गाडीत जास्त फरक पडला. शेपूट सुटली की घाबरून ॲक्सिलरेटर सोडू नका, गाडी गरकन फिरते. उलट दाबा, पुढची चाकं तिला सरळ ओढतात. स्वीडनचा रॅली ड्रायव्हर एरिक कार्लसन तर उजवा पाय ॲक्सिलरेटरवर ठेवून डाव्याने ब्रेक मारायचा. 1962 आणि 1963 ची मोंटे कार्लो रॅली त्याने फ्रंट व्हील ड्राइव्ह साबमध्येच जिंकली. हे डाव्या पायाचं मला अजून जमत नाही, दर वेळी क्लचसारखा जोरात दाबतो आणि नाक आपटतं.

पाचपैकी साडेतीन. केबलचा हँडब्रेक मात्र काढू नका, पार्किंगला तोच लागतो. हायड्रोलिकचा दाब हळूहळू उतरू शकतो.