स्पार्कस्टेशनची दुसरी डिस्क: स्लॉट बदलायचा की प्रॉममध्ये सेटिंग करायचं?

स्पार्कस्टेशन ५ (सन कंपनीचा जुना वर्कस्टेशन कॉम्प्युटर) मधली पहिली डिस्क गेली, दुसरी धड आहे, अन् आता तिच्यावरूनच मशीन उठवायची आहे. रस्ते दोन: डिस्क पहिलीच्या स्लॉटमध्ये टाका, नाहीतर प्रॉममध्ये (मशीन उठवणारा बोर्डावरचा प्रोग्राम) सेटिंग करा. माझं मत आधीच सांगून टाकतो राजेहो, आपल्या वर्धा-यवतमाळकडच्या खेड्यात लाईन कधी जाईल याचा नेम नाही, तिथं डिस्क काढून पहिलीच्या स्लॉटमध्ये टाकलेली बरी. पण सगळ्यांना ते जमत नाही.

आधी डिस्क दिसते का ते पाहा. मशीन सुरू होतानाच स्टॉप-ए दाबा, प्रॉमचा ओके प्रॉम्प्ट येईल, तिथं प्रोब-स्कझी (जोडलेल्या डिस्कची यादी दाखवणारी कमांड) टाका. टार्गेट म्हणजे डिस्कचा नंबर, पहिलीच्या स्लॉटचा ३ अन् दुसरीच्या स्लॉटचा १. टार्गेट १ यादीतच नसेल तर कनेक्टर अन् पॉवर बघा, बाकी सगळं नंतर.

दिसली तर बूट डिस्क१ टाकून बघा. "लोड झालेली फाईल एक्झिक्युटेबल दिसत नाही" असा मेसेज आला की समजायचं बूट ब्लॉकच (डिस्कच्या सुरुवातीचा, सिस्टीम उठवणारा छोटा प्रोग्राम) नाही, सोलारिसच्या (सनची ऑपरेटिंग सिस्टीम) सीडीवरून सिंगल युजरमध्ये उठून इन्स्टॉलबूट कमांडनं तो परत टाकावा लागते. उठली तर सेटएनव्ही बूट-डिव्हाइस डिस्क१, झालं काम. पेचकस लागत नाही, स्लॉटला हात लावायची गरज नाही.

पण हे सेटिंग एनव्हीरॅममध्ये (बॅटरीवर सेटिंग जपणारी मेमरी) राहते, अन् त्या एम४८टी०८ चिपच्या आतली बॅटरी एवढ्या वर्षात बहुतेक मेलेलीच असते. सुरू होताना आयडीप्रॉम (त्याच चिपमधली मशीनची ओळख) इनव्हॅलिड म्हणते ना, तेच लक्षण. मग दुपारी लाईन गेली, इन्व्हर्टरनं मान टाकली, की सेटिंग साफ अन् मशीन परत टार्गेट ३ वर डिस्क शोधत बसते, कारण नुसत्या 'डिस्क' नावाचा अर्थ तिथं टार्गेट ३ असाच असते. दरवेळी ओकेवर जाऊन हातानं टाईप करायचं कोणी? घरी पोरं नाही करत भाऊ.

स्लॉट बदलला की ही कटकट नाही. ५ मध्ये ८० पिनवाला कनेक्टर आहे, नंबर स्लॉटच ठरवतो, जंपरची भानगड नाही. (त्याआधीच्या ५० पिनवाल्या डिस्कवर मात्र जंपर हलवावाच लागते.) तरी उठत नसेल अन् नेटवर्कच शोधत असेल तर प्रॉममधलं डायग-स्विच (तपासणी मोडचं सेटिंग) ट्रू झालाय का ते बघा, फॉल्स करा.

आता खरी मेख व्हीएफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठं जोडायची त्याची सोलारिसमधली यादी) आहे. दुसरी डिस्क पहिलीची कॉपी असेल तर तिच्या आत सी०टी३ (म्हणजे टार्गेट ३) असंच लिहिलेलं असते, म्हणून स्लॉट बदलला की काही न बदलता चालते, पण जागेवरच ठेवून बूट केलं तर कर्नल नव्या डिस्कवरून येते अन् पुढं एफएससीके (डिस्क तपासणी) अन् माउंट (डिस्क जोडणं) जुनीवर जाते, ती मेलेली असेल तर मशीन रूट पासवर्ड मागत अडकते. ती अजून अर्धवट जिवंत असेल तर त्याहून वाईट, यूएसआर (प्रोग्रामांचा भाग) जुन्या डिस्कवरचं अन् रूट (मुख्य भाग) नव्या डिस्कवरचं, अशी खिचडी होते. याउलट सोलारिस थेट दुसऱ्या डिस्कवर इन्स्टॉल केलं असेल तर आत सी०टी१ आहे, मग जागा बदलू नका, किंवा बदलायचीच असेल तर आधी तिथून उठून ओळी दुरुस्त करून मग बंद करा.

म्हणजे कॉपी असो का नसो, बॅटरी मेलेली असेल तर स्लॉट, फक्त कॉपी नसेल तर ओळी आधी दुरुस्त करून. चिप नवी टाकली असेल अन् दोन्ही डिस्कवर वेगवेगळं सोलारिस ठेवायचं असेल तरच सेटिंगच्या मागं लागा.

अन् कीबोर्ड-स्क्रीनऐवजी सिरियल केबलवर काम करत असाल तर ती चालू मशीनमधून ओढू नका, त्यानं ब्रेक सिग्नल (स्टॉप-ए सारखाच) गेल्यासारखं होऊन मशीन ओकेवर येऊन थांबू शकते. थांबली तर घाबरू नका, गो टाका, पुढं चालू होते.