क्रूसोचं बेट की व्हर्नचं?

निर्जन बेटावरची एकच जाडजूड कादंबरी घ्यायची, तर गाडी बहुधा दोन नावांपाशी अडते. डॅनियल डीफोचा 'रॉबिन्सन क्रूसो' (१७१९) आणि ज्यूल व्हर्नचं 'मिस्टीरियस आयलंड' (१८७४-७५). मी दोन्ही दोनदा वाचली, दुसऱ्यांदा भाचीला रात्री मोठ्याने वाचून दाखवताना. संक्षिप्त आवृत्त्या यात धरलेल्या नाहीत. त्यांत क्रूसोचा बेटावरचा सोबती फ्रायडे लगेच हजर होतो. मुळात तो येईपर्यंत क्रूसोची बेटावर चोवीसेक वर्षं गेलेली असतात.

सुरुवातीला व्हर्न सहज बाजी मारतो. फुग्यातून पडलेली पाच माणसं, एक कुत्रा आणि हातात जवळजवळ काहीच नाही. घड्याळाच्या दोन काचा, मध्ये पाणी, कडांना चिकणमाती, की झालं भिंग आणि पेटला विस्तव! भाची दुसऱ्या दिवशी माझं घड्याळ मागायला आली. मग त्या पाचांतल्या हर्बर्टच्या कपड्याच्या अस्तरात गव्हाचा एकच दाणा सापडतो आणि त्यांच्यातले इंजिनिअरसाहेब तिथेच हिशेब मांडतात: दहा ओंब्या, ओंबीला ऐंशी दाणे, म्हणजे पहिलं पीक ८००, दुसरं ६,४०,०००.

क्रूसोकडेही धान्य उगवतं, पण कसं? कोंबड्यांच्या दाण्याची उंदरांनी खाल्लेली पिशवी तो झटकतो आणि विसरून जातो. महिन्याभराने कोंब दिसतात तेव्हा देवाचा चमत्कार म्हणून रडतो. पिशवी आठवल्यावर मात्र देवाचे आभार जरा आटतात. पुढे चुकीच्या हंगामात पेरून बी वाया घालवतो, आणि त्या धान्यातले चार दाणे पोटात जायला चौथं वर्ष उजाडतं.

माझं घोडं अडलं ते व्हर्नच्या पेटीपाशी. दुसरा भाग सुरू होतो न होतो तोच किनाऱ्यावर रिकाम्या पिंपांना बांधलेली एक पेटी सापडते. आत हत्यारं, बंदुका, कपडे, पुस्तकं, अगदी कॅमेरासुद्धा. खलाशी पेनक्रॉफ्टची तक्रार एकच, तंबाखू नाही! पेटी कुठून आली याचं उत्तर व्हर्न शेवटी देतो, आणि छान देतो. मी सांगत नाही. पण तिथून पुढे काही अडलं की मी त्या अदृश्य मदतनिसाची वाटच बघत बसलो. भाची म्हणाली, "मिळालं की सगळं," आणि कुशीवर वळून झोपली.

क्रूसोलाही जहाजभर सामान मिळतं, हे खरं. पण ते तो स्वतः तराफ्यावरून ओढतो, आणि एक खेप उलटतेही. कदाचित हा माझाच हट्ट असेल. विज्ञानाची आवड असलेल्या मुलाला व्हर्नच जास्त रुचेल.

काळाचे डाग दोघांवरही आहेत. क्रूसोचं जहाज फुटतं तेच मुळी गुलाम आणायला निघालेलं असताना, आणि फ्रायडेला तो अगदी सुरुवातीलाच 'मालक' म्हणायला शिकवतो. व्हर्नचा नेब गुलामीतून मोकळा झालेला, तरी मालकाला सोडत नाही. मुलांना वाचून दाखवताना यावर बोलावं लागतं.

क्रूसो घेतलात तर एक सांगतो: एकदा सांगून झालेलं तो रोजनिशीत पुन्हा सांगतो. ती पानं खुशाल चाळा, फक्त कोंबड्यांची पिशवी आली की थांबा.