बाराखडी की अक्षरगट? पहिलीचा वर्ग हाती घेणाऱ्यांसाठी

जून जवळ आला की शिक्षकांच्या गप्पांत हा विषय हमखास निघतो. पहिलीला वाचन शिकवायचं ते वर्णमालेच्या क्रमाने, बाराखडी घोटून, की अक्षरांचे छोटे गट करून, त्या गटातल्याच अक्षरांचे शब्द वाचायला देत? मी दोन्ही केलंय. आधी बरीच वर्षं बाराखडी, आता काही वर्षं गट. शाळा एकच, द्विशिक्षकी, आणि मुलंही त्याच वाड्यावस्त्यांवरची. याला संशोधन म्हणू नका. पटावर कधी चौदा मुलं, कधी नऊ. एवढ्यावर कुणी सिद्धांत मांडू नये. पण ज्याला या महिन्यात ठरवायचंय, त्याला कुणाचा तरी अनुभव ऐकायचा असतो, म्हणून लिहितोय.

दोन्ही पद्धती काय आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे, ती उजळणी नको. अख्खं वाक्य आधी दाखवून मग अक्षरांकडे उतरायची तिसरी वाटही आहे. ती मी एक सत्र चालवून सोडली. मुलं पान पाठ करतात आणि पुस्तक उलटं धरलं तरी धडाधड 'वाचतात'. अमेरिकेतही चित्र बघून शब्द ओळखायला लावणाऱ्या पद्धतीवर बरीच वर्षं वाद चालला, आणि अलीकडे काही राज्यांनी तिच्यावर बंदीच घातली. मिसिसिपी राज्याने २०१३ साली कायदा करून शाळांना अक्षर आणि ध्वनी यांच्या पद्धतशीर शिकवणीकडे वळवलं. चौथीच्या राष्ट्रीय चाचणीत तळाला असलेलं ते राज्य २०१९ पर्यंत देशाच्या सरासरीला येऊन भिडलं. पण त्यांचा धडा जसाच्या तसा उचलता येत नाही. इंग्रजीत अक्षरं सव्वीसच, घोळ आहे तो उच्चारांचा. आपल्याकडे उच्चार बहुतेक सरळ, पण खुणांचा पसारा मोठा. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांचा अभ्यास केला (२००७), त्यात अक्षरं पक्की होण्याचं काम चौथीपर्यंत चालूच राहतं असं दिसलं. आपली लिपी त्याच घरातली. तेव्हा एवढी अक्षरं कुठल्या क्रमाने द्यायची, हा आपल्याकडे किरकोळ प्रश्न नाही.

बाराखडीच्या बाजूने बोलायला बरंच आहे, आणि ते मी मनापासून बोलतो. ती घरात असते. आजीला येते, अंकलिपीत असते, ताई शाळेतून आल्यावर धाकट्याकडून म्हणून घेते. शिवाय द्विशिक्षकी शाळेत एका खोलीत दोन वर्ग सांभाळताना पहिली सुरात 'क का कि की' म्हणत असते, तेवढ्यात फळ्यावर दुसरीची गणितं लिहून होतात. ही सोय कमी लेखू नका. मूल वर्षाच्या मध्येच दुसऱ्या गावाला गेलं तर तिथल्या गुरुजींनाही ते कुठवर आलंय ते लगेच कळतं. आणि वर्णमालेचा क्रम कंठापासून ओठांपर्यंत किती नेटका लावलाय! मोठ्या माणसाला तो बघून आनंद होतो. सहा वर्षांच्या मुलाला मात्र त्यातला ङ पाचव्या नंबरावर भेटतो, आणि त्यानंतर थेट 'वाङ्मय' लिहायची वेळ येईपर्यंत पुन्हा दिसत नाही.

तरी ङ ने माझं मन बदललं नाही. बदललं ते पेरांनी.

वर्गात एक मुलगी होती. हुशार, पाठांतर चोख, अख्खी बाराखडी एका दमात म्हणायची. फेब्रुवारी उजाडला होता. फळ्यावर 'दोरी' लिहिलं आणि तिला वाचायला सांगितलं. ती गप्प. मग लक्ष गेलं तिच्या हाताकडे. अंगठा करंगळीच्या पेरांवरून सरकत होता आणि ओठ हलत होते: द, दा, दि, दी, दु, दू, दे, दै, दो. मधल्या बोटाच्या शेवटच्या पेरावर ती 'दो'ला पोचली. (एका हाताच्या चार बोटांची पेरं बरोबर बारा भरतात, हे मला तोवर सुचलं नव्हतं. तिने शोधून काढलं होतं.) मग 'री'साठी पुन्हा करंगळीपासून सुरुवात: र, रा, रि, री. दोन अक्षरांच्या शब्दाला तेरा पायऱ्या. 'री'पर्यंत पोचली आणि मोठ्याने म्हणाली, "री." आधीचं 'दो' गळून गेलं होतं. माझ्याकडे बघितलं, चुकलं हे तिला कळलं, आणि अंगठा परत करंगळीवर गेला.

त्या दिवसापासून मला सगळ्या वर्गात तेच दिसायला लागलं. निम्मी मुलं ओठांत शिडी चढत होती. त्यांना बाराखडी येत होती, पण त्यातलं एक घर सुटं काढून दाखवलं की ओळखता येत नव्हतं. जोडीला 'क कमळातला' होताच: 'कप' दाखवला तर "कमळ, पतंग" असं वाचणारी दोन मुलं दरवर्षी निघायची. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीत किमान ६० शब्द समजून वाचावेत असं लक्ष्य आहे. एका शब्दाला तेरा पायऱ्या चढणारं मूल तिथे कधी पोचायचं? २०२४ च्या 'असर' पाहणीत देशभरच्या ग्रामीण सरकारी शाळांतली तिसरीतली २३.४ टक्के मुलंच दुसरीचा मजकूर वाचू शकली. हा आकडा वाचला तेव्हा मला ती पेरंच आठवली. कारणं बरीच असतील. माझ्या वर्गातलं एक कारण मात्र मला ठाऊक होतं.

गटाची पद्धत मी शोधलेली नाही. वर्णमालेचा क्रम मोडून मराठी वाचन शिकवायचं काम फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी केव्हाच करून ठेवलंय. माझा पहिला गट म, क, र, न, ल आणि काना एवढाच. तिसऱ्या आठवड्यात मुलं मका, कान, रान, लाल, कमान वाचतात. एकदा एक मुलगा जमिनीवर कार्डं मांडून बसला होता: न, काना, क. त्याने काना जागेवरच ठेवला आणि दोन अक्षरांची अदलाबदल केली. मग स्वतःचा कान धरून ओरडला, "सर, नाकाचा कान झाला!" बाराखडीच्या वर्षांत जुलै महिन्यात असं कुणी ओरडल्याचं मला तरी आठवत नाही.

मला आणखी एक फायदा मिळाला तो वेलांट्यांचा. बाराखडीत कि आणि की एकाच श्वासात येतात, आणि मुलांच्या कानाला त्यांत फरक कळत नाही. खरं सांगायचं तर माझ्याही कानाला फारसा कळत नाही. गटात मी दुसरी वेलांटी आधी देतो आणि पहिली दोन-तीन महिन्यांनी. गोंधळ संपत नाही, पण कमी होतो असं वाटतं.

त्रास इथेही आहे. पहिला पालकांचा. दिवाळीला एक वडील येऊन म्हणाले, "सर, पोराला अजून ज्ञ येत नाही." पोरगं गोष्टीचं अर्धं पान वाचत होतं, ते त्यांच्या हिशेबात नव्हतं. दुसरा, सुरुवातीचे मजकूर अगदीच बेचव होतात. 'काका मका आण' लिहायचा तुम्हालाच कंटाळा येतो, आणि गटाबाहेरचं 'आ' घुसलं की पुन्हा खोडायचं. पुस्तकातला क्रम तुमच्या क्रमाशी जुळेलच असं नाही, म्हणजे कार्डं आणि वाचनपट्ट्या रात्री घरी बसून करायच्या. तिसरं म्हणजे न शिकवलेलं अक्षर समोर आलं की काही मुलं हात झटकतात: "हे आपल्याला आलं नाही अजून." पटावर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची मुलं निम्मी असतील, तर मीही दोनदा विचार करेन. दिवाळीनंतर ती कुठल्या गावात बसतील आणि तिथे कोण काय शिकवत असेल, सांगता येत नाही.

अर्थाची हमी मात्र दोन्हीकडे नाही. पालघर जिल्ह्यातलं वाडा आणि कर्नाटकातलं यादगीर इथे मुलांच्या वाचनाचा मोठा अभ्यास झाला, त्यात लिपीच्या घोटणीत अर्थ मागे पडतो हेच पुढे आलं. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्यातही मौखिक भाषा, शब्दओळख, वाचन आणि लेखन असे चार भाग सांगितलेत; अक्षरगट त्यातल्या फक्त एका भागाची सोय करतो. मी रोज वीस मिनिटं गोष्ट वाचून दाखवतो, गट असो की बाराखडी. ते सोडून बाकी कितीही नीट केलं तरी माझ्या वर्गात फार फरक पडला नसता.

तर माझा कौल कुठे झुकतो ते तुम्हाला कळलंच असेल. ज्यांचा वर्ग बाराखडीवर उत्तम चालतो त्यांनी तो मोडावा असं मी म्हणणार नाही. फक्त फेब्रुवारीत एकदा मुलांच्या अंगठ्यांकडे बघा.

बाराखडीचा तक्ता मी भिंतीवरून काढलेला नाही. नाताळच्या सुमारास तो वर्गापुढे आणतो. तोवर बारापैकी आठ-नऊ खुणा आलेल्या असतात, त्यामुळे मुलं तो म्हणत नाहीत, वाचतात. गेल्या वर्षी एकाने शेवटच्या घरावर बोट ठेवून विचारलं, "सर, कः कुठल्या शब्दात असतो?" मी घाईने 'दुःख' लिहिलं. त्याने वाचलं आणि म्हणाला, "हा दुचा झाला, कचा सांगा." शाळा सुटेपर्यंत मला आठवेना. संध्याकाळी घरी चहा पिताना एकदम आठवला: कःपदार्थ. आता तो पहिलीच्या पोराला कसा समजावायचा, यावर मी अजून विचार करतोय.